‘इसमें मैं किधर हूं?’

बी.एड. होऊन मला नुकतीच नोकरी लागली होती, तेव्हाची गोष्ट. मी अम्मीवर एक लेख लिहिला आणि एका छोट्या अंकाने तो छापला. अंक घेऊन मी घरी आले. अम्मी ओसरीत बसली होती, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. मी समोर बसून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. लेखात अम्मी त्यागाची मूर्ती होती, वात्सल्याचा सागर होती, तिच्या कष्टाळू हातांनी आम्हा चार भावंडांचं आयुष्य घडवलं होतं. अम्मीने ऐकून घेतलं. हात थांबला नाही. वाचून झाल्यावर म्हणाली, “अच्छा लिखी है.” मग एक बिडी वळून, धागा बांधून, ती सुपात टाकून म्हणाली, “मगर बेटा, इसमें मैं किधर हूं?”

मला राग आला. वाटलं, तिला साहित्य कळत नाही. ती शाळेत दुसरीपर्यंत गेलेली. कुरआन शरीफ वाचता येतं, उर्दू थोडं अडखळत, मराठी नुसतं ऐकून समजतं. आज शाळेत शिकवून वीसेक वर्षं झाली, मुलांचे आणि ओळखीच्या बायकांचे शेकडो लेख वाचले, आणि आता म्हणते की लिहिण्याविषयी मला मिळालेला पहिला आणि सगळ्यात नेमका शेरा तोच होता.

तो लेख मी परवा पुन्हा काढून पाहिला. त्यात तंबाखूचा वास नाही. रात्री पाण्यात भिजवलेली तेंदूची पानं नाहीत. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून अम्मी कैचीने ते कसं एका झटक्यात कापायची, बिडीचं तोंड नखाने कसं दुमडायची, पंचवीस बिड्यांचा कट्टा कसा बांधायची, यातलं काही नाही. आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडे घरोघरी हे काम होतं, त्यामुळे मला ते लिहिण्यासारखं वाटलंच नसावं. घरात रोज दिसतं ते काय लिहायचं? लिहायचं ते पुस्तकातलं, असा माझा समज होता. म्हणून ‘कष्टाळू हात’ लिहिलं. कष्टाळू हात कोणाचेही असतात. डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख मुद्दाम वाढवलेले आणि तंबाखूने पिवळे पडलेले हात माझ्या अम्मीचे.

आणि त्या लेखात आणखी एक गोष्ट नव्हती. ती मी विसरले नव्हते, लपवली होती. मी सातवीत असताना अम्मीला ताप आला. हजार बिड्या पुऱ्या करायच्या होत्या. मी बसले वळायला. मला खेळायला जायचं होतं, म्हणून कट्ट्याच्या मधोमध सैल वळलेल्या, फाटक्या पानांच्या बिड्या घातल्या आणि बाहेरून चांगल्या लावल्या. दुसऱ्या दिवशी मोजून घेणाऱ्या सट्टेदाराने एक कट्टा सोडला, मग दुसरा, मग सगळे. सगळा माल छाटमध्ये गेला. दिवसाची मजुरी गेली, पानं-तंबाखूचा हिशोब उलटा अंगावर आला. अम्मीने त्याला सांगितलं, “बुखार में मेरे ही हाथ से बिगड़ी.” अब्बांनाही तेच सांगितलं. मला ती एक शब्दही बोलली नाही. फक्त पुढचे कित्येक दिवस मी बांधलेला प्रत्येक कट्टा ती सोडून बघायची आणि पुन्हा बांधायची.

आता सांगा, अम्मी कुठे आहे? वात्सल्याच्या सागरात, की त्या सोडून पुन्हा बांधलेल्या कट्ट्यात? पण ते लिहायचं तर मला स्वतःला खोटारडी लिहावं लागलं असतं. आत्मकथनपर लिहिणारे आपण बहुतेक जण इथेच अडखळतो. आईला देवदूत करतो, कारण त्या देवदूताच्या शेजारी आपण काय केलं ते कोणी विचारत नाही.

माझ्याकडे ओळखीच्या मुली आणि भगिनी कथा वाचायला देतात. कोणाची बी.ए. चालू असते, कोणी दोन मुलं सांभाळून रात्री लिहिते. त्यांच्या कष्टाची मला कदर आहे, तरी एक तक्रार करायची आहे. निम्म्याहून अधिक कथांचा शेवट असा असतो की सून किंवा सासू किंवा बिघडलेला मुलगा रडतो, त्याला आपली चूक कळते, आणि लेखिका दोन वाक्यांत आपल्याला सांगते की आपण यातून काय शिकावं. घरात खरं असं होतं का? आमच्याकडे तरी चूक कळली की माणूस आधी चिडतो, मग दोन दिवस जेवणावर राग काढतो, आणि मग एके दिवशी काही न बोलता बाजारातून आवडीची भाजी आणून ठेवतो. ती भाजी लिहा. सीख लिहू नका.

प्रेमचंदांची ‘ईदगाह’ आपल्यातल्या बहुतेकांना ठाऊक आहे. मेळ्यात बाकीची पोरं मिठाई आणि मातीची खेळणी घेतात, आणि लहानग्या हामिदकडे फक्त तीन पैसे असतात. तो आजीसाठी लोखंडी चिमटा घेतो, कारण तव्यावरून रोट्या काढताना तिची बोटं भाजतात. आधी आजी चिडते, हे लक्षात ठेवा. दुपारपर्यंत उपाशी राहून पोराने हे काय आणलं म्हणून ती छाती पिटून घेते. ते चिडणं गाळलं असतं तर पुढचं रडणं खोटं वाटलं असतं. मी ही कथा वर्गात शिकवते तेव्हा मुलांना विचारते, गरिबी हा शब्द कुठे आहे ते शोधा. मुलं शोधत बसतात. त्यांच्या ध्यानात राहतो तो चिमटा.

शाळेचा विषय निघालाच आहे तर सांगते. ‘माझा आवडता पक्षी’ हा निबंध दिला की चाळीसपैकी पंचवीस वह्यांमध्ये मोर येतो. पिसारा फुलवून नाचतो. यातल्या बऱ्याच मुलांनी मोर नाचताना पाहिलेला नसतो. आणि हीच मुलं ज्या बांध्यांमधून शाळेत येतात त्या धानात सारस उभे असतात, माणसाच्या छातीएवढे उंच, लाल डोक्याचे, जोडीने. सारस बघायला लांबून लोक गोंदियात येतात. मी एका मुलाला विचारलं, सारस का नाही लिहिलास? तो म्हणाला, “मॅडम, तो तर आमच्या बांधीतच असते.” माझ्या अम्मीच्या लेखाचीच ही धाकटी बहीण.

आपल्याच जिल्ह्यात या रोगावरचा इलाज जगलेला माणूस होऊन गेला. मारुती चितमपल्ली. जन्म सोलापूरचा, १९३२चा. वन खात्याच्या नोकरीत ते अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या नवेगावबांधला आले, आणि पुढे मराठीत पक्ष्यांवर, झाडांवर, जंगलातल्या माणसांवर लिहिणारा त्यांच्या तोडीचा लेखक झाला नाही. २००६ साली सोलापूरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जून महिन्यात ते गेले. ‘नवेगावबांधचे दिवस’ नावाचं त्यांचं पुस्तकच आहे. गोंदियाच्या प्रत्येक वाचनालयात ते असायला हवं.

मी त्यांच्याकडून काय घेतलं ते सांगते. ते अधिकारी होते, इतरांनी त्यांचं ऐकायचं असा त्यांचा हुद्दा. पण नवेगावच्या माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या, तलाव आणि रान अंगात मुरलेल्या माणसासमोर ते शिष्य होऊन बसले. गोंड, ढिवर, गुराखी, जो भेटेल त्याला या पाखराला तुम्ही काय म्हणता, या झाडाला काय म्हणता, असं विचारत राहिले आणि टिपत राहिले. त्यामुळे त्यांच्या पानावर नुसतं ‘झाड’ क्वचित येतं. मोह येतो, ऐन येतो, पळस येतो. शब्द शब्दकोशातून न आणता माणसांच्या तोंडून उचलायचे, आणि ज्याच्या तोंडून उचलला त्याला आपल्यापेक्षा शहाणा समजायचं, ही त्यांची रीत. झाडीबोलीसाठी डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्यभर जे काम केलं त्याच्याही मुळाशी हाच मान आहे.

त्याच नवेगावच्या पक्षी अभयारण्याला नाव आहे डॉ. सलीम अली यांचं. मुंबईच्या खेतवाडीत मामाकडे वाढलेलं हे पोर. नऊ-दहा वर्षांचा असताना त्याने तबेल्याच्या भिंतीतल्या चिमणीच्या घरट्यावर एक टिपण केलं होतं. छऱ्याच्या बंदुकीने नर मारला की मादी थोड्याच वेळात दुसरा नर आणून बसवायची, आणि आठवडाभरात असे आठ नर त्याने टिपले. शिकारीची फुशारकी मारायला लिहिलेलं पोरवयातलं टिपण. पण त्यात जे दिसलं तेवढंच होतं, किती दिवस, किती नर, ते कुठे बसायचे. म्हणून साठेक वर्षांनी, ते पक्षिशास्त्रातलं मोठं नाव झाल्यावर, ते टिपण जसंच्या तसं छापता आलं. माझा बावीस-तेविसाव्या वर्षीचा लेख वीस वर्षांनी मला दाखवायची लाज वाटते. त्यांना दहाव्या वर्षीचा लेख साठीनंतर छापता आला. पुढे १९८५ साली त्यांनी आत्मचरित्र लिहिलं, त्याच्या नावातही चिमणीच आहे.

तेव्हा माझा पहिला सल्ला अगदी साधा आहे. एक वही करा. इशा झाल्यावर, झोपण्याआधी, दिवसभरात कानावर पडलेलं एक वाक्य आणि डोळ्यांना दिसलेली एक वस्तू लिहा. मत लिहू नका, ‘खूप वाईट वाटलं’ लिहू नका. शेजारीण काय बोलली, तिच्या हातात त्या वेळी काय होतं, एवढंच. सहा महिन्यांनी त्या वहीत तुमची कथा स्वतःहून जमा झालेली दिसेल. ज्यांना वेळ नाही त्यांनी किराण्याच्या चिठ्ठीच्या मागे लिहावं. माझ्या वहीत अर्ध्या चिठ्ठ्याच चिकटवलेल्या आहेत.

आता एक अडचण खास आपल्या घरांची. घरात उर्दू-हिंदी, शाळेत मराठी, अंगणात झाडी किंवा पोवारी. लिहायला बसलं की अम्मीच्या तोंडी “अगं बाई, काय झालं?” येतं. माझी अम्मी जन्मात “अगं बाई” म्हणाली नाही. ती “या अल्लाह” म्हणते. तिचं बोलणं मराठीत घातलं की ती सदाशिव पेठेतली होते, आणि मग मी विचारत बसते की कथा जिवंत का वाटत नाही. संवाद ज्या बोलीत झाला त्या बोलीत ठेवा, बाकी सगळं मराठीत सांगा. वाचकाला कळेल. प्रत्येक शब्दाला कंस लावून अर्थ देऊ नका, प्रसंगातून अर्थ येऊ द्या. “हांडी उतार” म्हटल्यावर कोणीतरी चुलीकडे गेलं की हांडी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

आणि आपलं मराठी कमी प्रतीचं आहे या संकोचातून बाहेर या. कागद, कलम, शाई, दौत, मजकूर, मथळा, शेरा, हे सगळे मराठीत फारसी-अरबीतून आलेले आहेत. लिहिण्याचं अर्धं सामानच आपल्या ओळखीचं आहे. १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष संतसाहित्याचे अभ्यासक डॉ. यू. म. पठाण होते, आणि त्याच वर्षी सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. म्हणजे दार उघडून पस्तीस वर्षं झाली. आपण अजून उंबऱ्यावर चपला काढत उभ्या आहोत.

त्या शब्दांमधला एक मला फार आवडतो, मसुदा. मूळ अरबी मुसव्वदा. त्याच्या धातूचा अर्थ काळा. खाडाखोड करून जो कागद काळा केला तो मुसव्वदा. आणि त्यावरून जी स्वच्छ प्रत उतरवतात तिच्यासाठी जो शब्द आहे तो पांढऱ्या रंगावरून आलेला, मुबय्यजा. जुन्या लिहिणाऱ्यांनी भाषेतच सांगून ठेवलं की पांढऱ्याच्या आधी काळं येतं. आपण मात्र पहिल्या झटक्यात लिहिलेलं फोनवरून फोटो काढून संपादकांना पाठवतो आणि आठवड्याने विचारतो, कधी छापणार?

माझा कागद काळा करायची पद्धत अशी. लिहिलेलं पंधरा दिवस पिठाच्या डब्यामागे ठेवून देते. मग काढते आणि कोणालातरी ऐकवते, शक्यतो पोळ्या लाटणाऱ्या माणसाला. लाटणं जिथे जोरात चालू लागतं तिथे ऐकणाऱ्याचं लक्ष उडालेलं असतं. तिथे पेन्सिलने रेघ. साधारण तिथेच माझं सगळ्यात आवडतं, नटवलेलं वाक्य निघतं, हा वीस वर्षांचा अनुभव आहे.

गालिबची उर्दू पत्रं वाचताना हे कळतं. बडे शायर, पण पत्रांत घराचं गळकं छप्पर, पेन्शनची वणवण, आंबे, आजारपण, आणि समोर बसून बोलावं तसा सूर. मित्र आणि शागिर्द ती छापू म्हणाले तेव्हा आधी त्यांना ते पसंत नव्हतं, आपल्या नावाला कमीपणा येईल असं वाटलं. शेवटी ‘ऊद-ए-हिंदी’ १८६८ मध्ये आलं, आणि ‘उर्दू-ए-मुअल्ला’ १८६९ मध्ये, त्यांच्या वफातनंतर काही दिवसांनी. आज उर्दू गद्य शिकवायचं म्हटलं की तीच पत्रं समोर ठेवतात. बोलण्याच्या सुरात लिहिणं म्हणजे गबाळं लिहिणं, हा गैरसमज ती एका बैठकीत दूर करतात.

इथवर वाचून कोणी भगिनी म्हणेल, ठीक आहे, अम्मीचं नख लिहीन, घरातली भांडणंही खरीखुरी लिहीन. थांबा. इथे मी जे केलं ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होत नाही.

अम्मीच्या त्या वाक्यानंतर मी खरं लिहायला शिकले आणि पहिलं खरं लिहिलं ते खालाबद्दल. तिच्या नवऱ्याने दुसरा निकाह केला, आणि ती एक शिलाई मशीन घेऊन माहेरी परतली. मी त्यावर कथा लिहिली. नाव बदललं, गाव बदललं. पण मशीनचं तडकलेलं चाक तसंच ठेवलं, हिरवा दरवाजा ठेवला, आणि ती रात्री रडताना मशीन चालू ठेवायची, म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये, हेही ठेवलं. कथा चांगली होती. लोकांनी नावाजली. दोन महिन्यांनी एका निकाहच्या दावतीत एका बाईने चार जणींसमोर खालाला विचारलं, “आपा, वो हरे दरवाजे वाली आप ही हो ना?”

खाला आमच्या घरी यायची बंद झाली. दोन ईद गेल्या. मी अम्मीपाशी हुज्जत घालत होते की मी एक तरी शब्द खोटा लिहिला का? अम्मी काही बोलली नाही. उत्तर मला ठाऊकच होतं, मी स्वतः मुलांना शिकवलेलं. सूरह हुजुरातमध्ये गीबतीला मेलेल्या भावाचं मांस खाण्याची उपमा आहे. आणि सहीह मुस्लिममधल्या हदीसमध्ये रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांना नेमकं हेच विचारलं गेलं की जे बोललं ते त्या माणसात खरोखरच असेल तर? जवाब असा की खरं असेल तरच ती गीबत, खोटं असेल तर तो बोहतान. ‘मी तर खरंच लिहिलं’ ही माझी सगळी वकिली तिथे संपली.

म्हणजे घरातलं लिहायचंच नाही? मला तसं वाटत नाही. जुल्म झालेल्याला दाद मागण्याची मुभा आहे, उलमांनी ती गीबतीतून वेगळी काढली आहे. पण खालावर झालेला जुल्म सांगायचा हक्क खालाचा होता. मी तो तिला न विचारता वापरला, आणि वापरला तो दाद मागायला नव्हे, वाहवा मिळवायला. आता मी असं करते की दुसऱ्याचं दुःख लिहायचं तर छापण्याआधी त्याला वाचून दाखवते. ते शक्य नसेल तर त्या प्रसंगातला माझा वाटा तेवढा लिहिते. माझा वाटा बहुधा निघतोच, आणि तो लिहायला जास्त अवघड असतो. नाव बदलणं म्हणजे बुरखा घालून तोच पत्ता सांगणं. बदलायचं तर मशीनचं चाक बदला, दरवाजा बदला, धंदा बदला, नाहीतर लिहू नका. कलाकृतीचं नुकसान होईल म्हणणाऱ्यांशी वाद घालायची माझी तयारी आहे. त्यांच्या घरी खाला येत असेल.

गेल्या रमजानमध्ये तरावीहनंतर मी खालाकडे गेले. ती आता बोलते माझ्याशी, जपून. मी ती कथा पुन्हा लिहिली होती. यावेळी ती एका भाचीची होती, जी खालाच्या दुःखावर कथा लिहून शाबासकी मिळवते. मी सगळी वाचून दाखवली. खाला मशीनवर कुणाचातरी ईदचा कुर्ता शिवत होती, तो बाजूला ठेवून तिने ऐकलं. मग म्हणाली, “एक जुमला निकाल दे.” कोणतं ते तिने सांगितलं. माझ्या मते अख्ख्या कथेत तेच वाक्य सगळ्यात चांगलं होतं. मी तिच्याच मशीनच्या खणातून पेन घेतलं आणि ते काळं केलं. तिने कागद दिव्याजवळ धरून पाहिलं की खालचं वाचता येतंय का. येत होतं. तिने पेन माझ्या हातातून घेतलं आणि त्यावर आणखी दोन रेघा मारल्या.